अंदमानला निघण्याआधी: ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चरईतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी ओळखीपाळखीच्या लोकांच्या अंदमान सहली आखून देते. ऑफिस नाही, पाटी नाही. प्रश्न फोनवर येतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतात, जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळा आला, म्हणून हे पान. हॉटेलांचे आणि बोटींचे नेमके दर मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण ते हंगामाप्रमाणे बदलतात आणि मग लोक जुना आकडा दाखवून माझ्याशी भांडतात.

किती दिवस पुरेत?

सहा रात्री. पाचात जमतं, पण धावपळ होते. चारसाठी मला फोन करू नका.

हिशोब सांगते. जाण्यायेण्यातच दोन दिवस निम्मे होतात. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक बेटावर तीन किंवा निदान दोन रात्री, नील बेटावर एक आणि परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र लोकांना फुकट वाटते. 'सकाळी नीलहून बोटीने येऊ आणि दुपारचं विमान पकडू' असं म्हणणारे दर हंगामात भेटतात. समुद्र खवळला की बोट रद्द होते, विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. ती रात्र म्हणजे विमा समजा.

दुसरा हट्ट असतो 'सगळं बघायचं' असा. अंदमान-निकोबारात बेटं शेकड्यांनी आहेत आणि माणसांची वस्ती असलेली जेमतेम तीसेक. कुणालाच सगळं बघून होत नाही. तीन बेटं नीट बघा.

ठाण्याहून जायचं कसं?

विमानाने. मुंबईहून थेट विमान कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जायची तयारी ठेवा. चेन्नईहून पुढे साधारण सव्वादोन तास लागतात. पहाटेचं विमान असेल तर घोडबंदरवाल्यांनी रात्री दोनला घराबाहेर पडावं, कारण मेट्रोच्या कामाने तिथला रस्ता कधी कुठे अडेल सांगता येत नाही. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, त्यामुळे वाशी, नेरुळ, खारघरच्या मंडळींनी तिकीट काढताना दोन्ही विमानतळ तपासावेत. एकच काळजी घ्या: जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर असं झालं, तर गाडी पार्क करून जाणाऱ्यांची पंचाईत होते.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी घेतलीत आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

बोटीने? चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात आणि त्यांना तीनेक दिवस लागतात. निवृत्त असाल आणि पोट घट्ट असेल तर जरूर जा. मी एकदाही गेलेली नाही आणि जाणारही नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात घामाघूम होऊन वाचतो आणि हायसं वाटून घेतो. ती बातमी म्हणजेच उत्तर. पोर्ट ब्लेअरला मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख २२ मे, मुंबईची ११ जून. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यातली शाळेच्या सुट्टीतली स्वस्त पॅकेजेस का स्वस्त असतात, ते कळलं असेल.

नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. जानेवारी ते मार्च समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात आणि त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. दहावी-बारावीची परीक्षा संपल्यावर, मार्च अखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, हा माझ्या आवडीचा काळ. उकडतं, पण ठाण्यात राहून उकाड्याची तक्रार आपण करायची?

नावांचा गोंधळ होतो. हॅवलॉक आणि स्वराज द्वीप वेगवेगळी आहेत का?

एकच. ३० डिसेंबर २०१८ रोजी तीन बेटांची नावं बदलली. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव असतं, रिक्षावाला जुनं बोलतो. मी इथे जुनीच नावं वापरली आहेत, कारण फोनवर सगळे तीच विचारतात.

तिकडे म्हणे संध्याकाळ लवकर होते?

लवकर म्हणजे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ठाणे साधारण ७३ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळपास ९३वर. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे वीस रेखांशांचा फरक एक तास वीस मिनिटांचा. घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच.

याचा परिणाम तुमच्या अख्ख्या सहलीवर होतो. 'जरा आरामात उठू, नाश्ता करून अकराला निघू' असं केलंत की दिवस संपलाच. तिथे पाच-साडेपाचला उजाडतं. ज्यांना सकाळच्या ठाणे फास्ट लोकलची सवय आहे त्यांना हे जड जात नाही. सुट्टीवर गेल्यावर ती सवय मोडायची नाही, एवढंच करायचं. रात्री साडेनऊला सगळं सामसूम होतं, त्यामुळे झोपही आपोआप लवकर येते.

बोटीचं तिकीट आधी काढावं लागतं का?

विमानाचं तिकीट झालं की त्याच बैठकीत. हॉटेल नंतर.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या त्रिकोणात दोन प्रकारच्या बोटी धावतात. सरकारी बोट फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सुटते. तिचं तिकीट काही शेकड्यांत मिळतं, ती हॅवलॉकला अडीचेक तासांत पोचते आणि तिच्यात डेकवर उभं राहून वारा खाता येतो. खासगी वातानुकूलित बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात. मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही त्यातली चालू नावं. त्या दीड-दोन तासांत नेतात आणि तिकीट हजाराच्या पुढे असतं. दोन धक्के वेगळे आहेत हे रिक्षात बसण्याआधी लक्षात ठेवा.

आमच्या पहिल्या सहलीत नवऱ्याने 'अजून पंधरा मिनिटं आहेत' म्हणून धक्क्यासमोर चहा सांगितला. आले घातलेला, चांगला उकळलेला चहा होता, अजून आठवतो. बोट सुटायला खरंच पंधरा मिनिटं होती, पण चेक-इन बंद झालं होतं. काचेच्या दारापलीकडे आमची बोट दिसत होती आणि आम्ही बॅगा घेऊन अलीकडे. पुढची दोन तासांनी होती आणि भरलेली होती. ही गेली तर पुढची धरू, हा लोकलचा हिशोब समुद्रात लागू पडत नाही. सुटायच्या वेळेआधी एक तास धक्क्यावर हजर राहा, आधारकार्ड मूळ प्रतीत जवळ ठेवा, सामानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर वाचा.

उलटीचा त्रास असणाऱ्यांनी गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, अर्धा तास आधी घ्यावी. कोणती, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. मधली आणि मागची जागा कमी हलते.

राहायचं कुठे?

पोर्ट ब्लेअरमध्ये फक्त झोपायला आणि सेल्युलर जेल बघायला राहतो, तेव्हा ॲबरडीन बाजाराच्या आसपासचं स्वच्छ, साधं हॉटेल पुरे. तिथे समुद्राच्या देखाव्यासाठी पैसे मोजू नका.

खर्च करायचा तर हॅवलॉकला करा, पण आधी नकाशा समजून घ्या. बहुतेक रिसॉर्ट्स बेटाच्या पूर्व बाजूला, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यावर आहेत. तिथले लोक किनारे आकड्यांनी ओळखतात: तीन नंबर, पाच नंबर. फोटोत पाणी रिसॉर्टच्या पायरीला टेकलेलं असतं. ओहोटीला तेच पाणी लांबवर मागे जातं आणि उरतो तो खडक, प्रवाळाचे तुकडे आणि शेवाळ. पोहण्याचा किनारा म्हणजे पश्चिमेचा राधानगर, सात नंबर. म्हणून पूर्वेला राहायचं, सूर्योदय खोलीतून बघायचा, आणि पोहायला दुपारी गाडीने राधानगर. हे माहीत असेल तर पूर्वेचा मुक्काम सुंदर आहे. माहीत नसेल तर पहिल्या सकाळी मला फोन येतो.

राधानगरच्या बाजूलाही मोजके मुक्काम आहेत. ताज एक्झॉटिका आणि बेअरफूट ही मोठी नावं तिकडचीच. पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला ठीक, नाहीतर तेवढ्या पैशांत अख्खं कुटुंब आठवडाभर फिरून येईल.

'सी व्ह्यू' या शब्दाबद्दल. एका एजंटाने मला आणि माझ्या बहिणीला 'सी व्ह्यू कॉटेज' म्हणून खोली दिली होती. खिडकीतून पाण्याची काळी टाकी दिसायची. टाकीच्या डावीकडे, स्टुलावर उभं राहिलं की, समुद्राची एक निळी रेघ दिसायची. त्याचं म्हणणं, दिसतो ना समुद्र? तेव्हापासून मी खोलीच्या आतून काढलेला व्हिडिओ मागवते, खिडकी उघडतानाचा.

नीलला छोटी, घरगुती राहण्याची ठिकाणं बरी. बेट एवढंसं आहे की कुठेही राहिलात तरी सगळं सायकलच्या टप्प्यात येतं.

जेवायला काय मिळतं? मासे आपल्यासारखे असतात का?

मासे आपलेच, करणारे हात वेगळे. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू आणि रांचीकडून आलेल्या लोकांची वस्ती मोठी आहे आणि सगळ्यांची बाजारातली भाषा हिंदी. त्यामुळे एकाच रस्त्यावर डोसा, माछेर झोल आणि आलूपराठा शेजारी शेजारी.

सुरमई मुबलक. कुपा तर इतका की आपल्याकडे ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, तो तिथे भाजून ऐटीत पानात येतो आणि छान लागतो. तांबोशी, कोळंबी, चिंबोऱ्या, शेवंड सगळं मिळतं. शेवंडीचा आणि मोठ्या चिंबोरीचा दर वजनावर असतो. आधी वजन करून घ्या, दर ठरवा, आणि मग ती आत जाऊ द्या. बिल आल्यावर चेहरा उतरलेले अनेक बघितलेत.

फरक पडतो तो मसाल्यात. रस्सा मोहरीच्या तेलातला, पिवळसर, पातळ. कोकम नाही, तिरफळ नाही, ओलं खोबरं असूनही वाटणात नाही. आमच्या शेजारच्या सीकेपी काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'मासा ताजा आहे, पण बिचारा एकटा पडलाय.' तिसऱ्या दिवशी त्याच काकू हॅवलॉकच्या तीन नंबरच्या बाजारात बाकड्यावर बसून तोच झोल भातात कालवून खात होत्या. मालकिणीने समोरच कढईत तुकडे सोडले होते, कडा करकरीत होऊ दिल्या आणि मग रश्श्यात टाकले, वर एक फाडलेली हिरवी मिरची. भात मागाल तितका. माझं स्पष्ट मत: हॅवलॉकचं सगळ्यात चांगलं जेवण रिसॉर्टात नाही, त्या बाजारातल्या भात-मासा थाळीत आहे, आणि तेही दुपारी. दीडनंतर गेलात तर मासा संपलेला असतो.

संध्याकाळी जरा निवांत बसायचं असेल तर समुद्राकाठचं समथिंग डिफरंट, किंवा फुल मून कॅफे. दोन्हीकडे ऑर्डर यायला वेळ लागतो. भूक लागायच्या आधी जा. पोर्ट ब्लेअरला सकाळच्या इडली-डोशासाठी ॲबरडीन बाजारातलं अन्नपूर्णा.

शहाळं दिसेल तिथे प्या. पाणी पिऊन झालं की मलई काढून मागा. विक्रेता फोडलेल्या शहाळ्याच्या सालीचाच चमचा करून देतो.

आम्ही शाकाहारी आहोत. गुरुवार पाळतो. लसूण-कांदा चालत नाही. उपाशी राहू का?

नाही. पोर्ट ब्लेअरला शाकाहारी उपाहारगृहं आहेत, हॅवलॉकलाही डोसा, थाळी, पराठे मिळतात. मात्र भाजीचा बराच माल जहाजाने येतो, म्हणून भाजी महाग आणि कधी शिळसर. अपवाद नीलचा. तिथे शेती होते आणि आसपासच्या बेटांना भाजी नीलहून जाते. ताज्या भेंडीची, वांग्याची भाजी खायची तर तिथे. कांदा-लसूण न चालणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगायचं, ऐनवेळी नाही. आणि शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी बरोबर असू द्या. आमच्या एका ग्रुपने खोलीत किटलीवर मेतकूट-भात जमवला होता. भात कसा शिजवला ते मी विचारलं नाही.

पोहता येत नाही. मग स्कूबा, स्नॉर्कलिंग विसरायचं?

अजिबात नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या स्कूबाला पोहता यावं लागत नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या पाठीमागून टाकी धरून असतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. वय किमान १० वर्षं. खोली बारा मीटरच्या आतच असते. दमा, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर नाही. तिथे फॉर्म भरून घेतात, त्यात खोटं लिहू नका. सर्दी असेल तरीही टाळा, कान बसतात आणि दुखतात.

सगळ्यात महत्त्वाचं: स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्याने बुडबुडे होऊन धोका संभवतो. मी सरसकट चोवीस तासांचं अंतर ठेवते. म्हणूनही स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी, शेवटच्या नाही.

स्कूबाची वेळ ठरवताना मी नेहमी सकाळची पहिली मागते. पाणी नितळ असतं आणि प्रशिक्षक दमलेला नसतो. माझा स्वतःचा पहिला अनुभव सांगू? वरून सगळं निळं, सुंदर. खाली गेल्यावर आधी फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, जात्याच्या घरघरीसारखा. मग प्रवाळाच्या फटीत नारिंगी-पांढरे छोटे मासे दिसले आणि मी भीती विसरले. बाहेर आल्यावर कळलं, मी सगळा वेळ प्रशिक्षकाचं मनगट घट्ट धरलं होतं. त्याच्या हातावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

स्नॉर्कलिंगला रिंग आणि जॅकेट मिळतं. प्रवाळाला हात लावू नका, पाय टेकू नका. तो दगड नाही, जिवंत आहे आणि पायही कापतो.

एलिफंट बीच, राधानगर, भरतपूर... मुलांसाठी कोणता?

पाण्यातल्या खेळांसाठी हॅवलॉकचा एलिफंट बीच. तिथे धक्क्यावरून छोट्या बोटीने जायचं. जंगलातून पायवाटही आहे, पण चिखलाची. सकाळी लवकर गेलात तर बरं, अकरानंतर रेल्वेच्या पुलासारखी गर्दी. नीलचा भरतपूर उथळ आहे, काचेच्या तळाच्या होड्या तिथे मिळतात, लहान मुलांना तो जास्त झेपतो.

राधानगर हा निव्वळ किनारा आहे, आणि तसाच बघावा. २००४मध्ये टाइम नियतकालिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२०मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं. पांढरी वाळू, मागे उंच महुआची झाडं, आणि पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे सूर्यास्त. जीवरक्षक असतात. त्यांची शिट्टी झाली की बाहेर यायचं, 'भैया पाच मिनिट' करत बसायचं नाही.

नीलच्या लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, ती फक्त ओहोटीला जवळून बघता येते. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. आमच्या एका कोळीवाड्यातल्या मामांनी हाच हिशोब नीलला लावला आणि सगळ्यांना भर भरतीत नेलं. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. तिथली वेळ मुक्कामाच्या मालकाला विचारा. चालायला पकड असलेल्या चपला हव्यात, खडक निसरडे आहेत.

आई-बाबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात. सेल्युलर जेल झेपेल?

झेपेल, आणि बहुतेक घरांत सहलीचं खरं कारण तेच असतं. बाबा वर्षानुवर्षं 'एकदा अंदमानला जायचंय' म्हणत असतात, ते समुद्रासाठी नसतं.

जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आता तीन उरल्या आहेत. एका कोठडीची मापं साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. एका कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतं, म्हणजे कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. वि. दा. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. वि. दा. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे जायला जिना चढावा लागतो. गुडघे अगदीच साथ देत नसतील तर खालच्या मजल्यावरच्या कोठड्याही तशाच आहेत, त्यातल्या एकीत दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. कोलूची प्रतिकृतीही खालीच आहे. नारळाचं आणि मोहरीचं तेल गाळायला बैलाच्या जागी माणूस जुंपायचे.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदीत असतो तसा इंग्रजीतही. तिकीट आधी काढा. दिवसाउजेडी आत नीट फिरायला निदान दीड तास ठेवा आणि टोपी-पाणी न्या. माझे सासरे त्या वरच्या कोठडीच्या दारात उभे राहिले आणि खिशातून रुमाल काढला. आम्ही सगळे खाली उतरलो, ते वीस मिनिटांनी आले. चहा घेताना फक्त एवढंच म्हणाले, 'उजेड फार कमी येतो गं आत.'

पोर्ट ब्लेअरची ठिकाणं आठवड्यातल्या वेगवेगळ्या वारांना बंद असतात, कुठे सोमवार, कुठे बुधवार. बेत आखतानाच वार तपासा. रॉसला मात्र आई-बाबांना जरूर न्या. ब्रिटिशांची पडकी चर्च, बेकरी, क्लब, त्यांना विळखा घातलेली झाडांची मुळं आणि मोकळी फिरणारी हरणं. चढ आहे, पण आत बॅटरीवरची गाडी मिळते. समोरचं नॉर्थ बे म्हणजे जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेच्या मागचं चित्र. एखादी नोट घरात असेल तर बरोबर न्या, नातवंडांना मजा येते.

बाराटांग करावं का? जारवा दिसतात म्हणे.

याच कारणासाठी विचारत असाल तर करू नका, आणि माझ्याकडून तर नाहीच. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव प्रदेशातून जातो, जिरकाटांगहून गाड्यांचे ताफे ठरावीक वेळी पोलीस बंदोबस्तात सोडतात. थांबायला, फोटो काढायला, खाऊ द्यायला कायद्याने बंदी आहे. १९५६पासून आदिम जमातींच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. ती माणसं त्यांच्या घराच्या अंगणात आहेत. आपण काचेतून बोट दाखवत जायचं हे मला पटत नाही.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली होडी खरोखर छान आहे, पण त्यासाठी पहाटे तीन-चारला निघून अख्खा दिवस गाडीत जातो. खारफुटीच बघायची तर आपली ठाण्याची खाडी आहे, आणि वर फ्लेमिंगो फुकट.

मगरी असतात हे खरं?

खरं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाडीत आणि खारफुटीत असतात. पाटी लावलेली असेल तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, अंधार पडल्यावर कुठेच नाही. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, दिवसा, बिनधास्त पोहा. त्यापेक्षा रोजचा त्रास वाळूतल्या बारीक माश्यांचा. अंगाला खोबरेल लावून बसा आणि संध्याकाळी कोरड्या वाळूत लोळू नका. त्या चावल्या तर आठवडाभर खाज जात नाही.

रात्री पाणी चमकतं ते कुठे दिसतं?

हॅवलॉकला, अमावस्येच्या आगेमागे. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर निळसर प्रकाशतात. कयाकमधून खारफुटीत नेतात. वल्हं मारलं की उजेडाची रेघ उठते. पौर्णिमेला गेलात तर काहीच दिसणार नाही. म्हणून मी तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढते. लोकांना वाटतं मुहूर्त बघतेय.

फोन, इंटरनेट, पैसे?

ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून बरंच सुधारलंय. तरी हॅवलॉक आणि नीलला जाळं अधूनमधून रुसतं. यूपीआय चालतं, चालत नाही तेव्हा अजिबात चालत नाही. रोख ठेवा, आणि ती पोर्ट ब्लेअरलाच काढा. स्कूटर भाड्याने घ्यायची तर मूळ लायसन्स न्या. घरून काम करायच्या बेताने जाणाऱ्यांना माझा नमस्कार.

लक्षद्वीप का नको?

नको नाही, पण वेगळं. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, कोचीहून अगत्तीला छोटं विमान, राहायच्या जागा मोजक्या. पाणी मात्र अंदमानपेक्षाही सुंदर. शांत दोघंच जात असाल तर विचार करा. तीन पिढ्यांच्या कुटुंबाला अंदमान.

आणि नुसतं एक दिवस बेटावर जाऊन बसायचं असेल तर घारापुरी आहेच. सोमवारी लेणी बंद असतात. एवढं सांगूनही लोक सोमवारी जातात.

येताना काय आणावं? शिंपले, प्रवाळ, मासे?

किनाऱ्यावरून काहीही उचलायचं नाही. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलांच्या खिशातले शंख सुरक्षा तपासणीच्या टेबलावर मांडून ठेवायची वेळ येते आणि पोरगं रडत विमानात चढतं. शंखशिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि पावती बॅगेत नाही, हातात ठेवा.

सुकी मासळी सासूबाईंसाठी आणता येते का, हाही प्रश्न येतो. एकांनी आणली होती, तीन पिशव्यांत गुंडाळून. चेन्नईला विमान बदलेपर्यंत शेजारच्या दोन रांगांना कळलं होतं. सुकं जांभळी नाक्यावर घ्या.